मिसळ, भेसळ आणि मीठभाकर

गाझियाबाद हे गाव मुळातच सराईचे. अठराव्या शतकात वजीर गाझीउद्दीनाने दिल्लीच्या वाटेवर, हिंडन नदीच्या जवळ, वाटसरूंसाठी सराई बांधली व वसाहतीला आपले नाव दिले. पुढे आगगाडी आली आणि ‘गाझीउद्दीननगर’ हे लांबलचक नाव आखडून ‘गाझियाबाद’ एवढेच उरले. सराईत उतरलेला माणूस आपली वळकटी उशाशी घेऊन निजतो. बदलीवर आलेले आम्ही मराठी लोकही आपली भाषा, आपले सण आणि आपले गाणे असेच उशाशी घेऊन येथे राहतो. दिवसभर कचेरीत हिंदी व इंग्रजी नस्त्यांशी झुंजावे, बाजारात ‘भैया’ म्हणून भाजी घ्यावी, आणि रात्री वळकटी जागेवर आहे ना हे चाचपून पाहावे. तिला कोणाचा हात लागला, तर आम्ही दचकून उठतो. आमच्या अशाच एका दचकण्याची ही हकीकत आहे. आणि ते दचकणे योग्य होते की नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

येथील मराठी मंडळींचा गणेशोत्सव होतो. त्यातील कार्यक्रमांची निवड करण्याचे काम गेली तीन वर्षे आमच्याकडे आहे. लेखणी चालवण्याची सवय असलेला कारकून सापडला, की कोणतीही संस्था त्याला चिटणीस करून मोकळी होते. गेल्या वर्षी आलेल्या अर्जांत एक अर्ज आमच्या भाच्याचा होता. तो येथे अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आला आहे आणि फावल्या वेळात बास गिटार वाजवतो. चार जाड तारांचे, खोल आवाजाचे हे वाद्य. मेळ्यात ते मागे उभे असते. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. परंतु ते थांबले, तर पायाखालची जमीन सरकल्यासारखे होते. या वाद्यावर जाझच्या पद्धतीने त्याने जात्यावरच्या ओवीची चाल बसवली होती. चाल त्याच्या आजीची, म्हणजे आमच्या मातोश्रींची. त्या सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी असतात.

आम्ही अर्जावर शेरा लिहिला : “सदर कार्यक्रम अस्सल लोकसंगीतात मोडत नाही. सबब विचार करता येत नाही.” समितीने तो मान्य केला. उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी भगिनीमंडळाने जात्यावरच्या ओव्या सादर केल्या. साथीला पेटी आणि तबला होता. नऊवारी नेसलेल्या भगिनी गात होत्या, आणि आमच्यासकट पुष्कळांचे डोळे पाणावले. भाचा शेवटच्या रांगेत बसला होता. प्रसादाच्या पंगतीत त्याने वाद घातला नाही, रागही दाखवला नाही. ताटातला मोदक फोडीत त्याने एवढेच विचारले : “मामा, जात्याशेजारी पेटी कुठे असायची?”

या प्रश्नाने आमची झोप उडवली. आम्ही मनाशी उत्तरे जुळवू लागलो, आणि प्रत्येक उत्तर कचेरीतल्या उडवाउडवीच्या उत्तरासारखे दिसू लागले. वस्तुतः जात्याशेजारी पेटी कधीच नव्हती. तबलाही नव्हता. तेथे होती पहाटेची वेळ, दोन बायकांचे हात, आणि दगडावर दगड फिरत असल्याची अखंड, खोल घरघर. ओवीचा सूर त्या घरघरीवर तरंगत असे. ओळ लांबवायची किती, श्वास घ्यायचा कोठे, हे जात्याचा फेरा ठरवीत असे. ओवीला साथ होती ती जात्याचीच. आणि ती मंद्र होती, खर्जातली होती. आम्ही व्यासपीठावर ज्या ओव्या ‘अस्सल’ म्हणून ऐकल्या, त्यांतून नेमकी ती घरघर वगळलेली होती. आम्ही ज्या अर्जाला ‘भेसळ’ ठरवले, त्यात ती दुसऱ्या वाद्याच्या रूपाने का होईना, परत येऊ पाहत होती.

येथवर आल्यावर एक सोपी वाट समोर दिसते. आपले असे जे काही आहे, ते सारे मिसळलेलेच आहे, तेव्हा शुद्धतेचा आग्रहच सोडावा, ही ती वाट. तिच्यावर पुरावे भरपूर सापडतात. आपल्यासारखेच मराठी मुलुखाबाहेर राहिलेले तंजावरचे भोसले घ्या. दुसरे सरफोजीराजे यांच्या कारकीर्दीत, १७९८ ते १८३२ या काळात, त्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा मेळ होता. विलायती फिडल कर्नाटक संगीतात रुजले तेही साधारण याच काळात, आणि तंजावरच्या वडिवेलूंचे नाव त्या संदर्भात आदराने घेतले जाते. पुढे मराठी कीर्तनकार तेथे गेले आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग यांच्या चाली तमिळ हरिकथेत जाऊन बसल्या. इकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातही साकी-दिंडीच्या शेजारी कानडी वळणाच्या चाली होत्या. ज्या पेटीवाचून आम्हांला नाट्यसंगीताची कल्पना करवत नाही, ती तर सरळ युरोपातून आलेली. आकाशवाणीने १९४० साली तिला परकी ठरवून बाहेर काढले, आणि पुढे तीस वर्षे ती उंबऱ्याबाहेरच होती. ज्या वाद्याला एकेकाळी ‘हे आपले नव्हे’ म्हणून नाकारले गेले, त्याच वाद्याच्या साथीने आम्ही दुसऱ्याला ‘हे आपले नव्हे’ म्हणून नाकारले!

परंतु ही सोपी वाट आम्हांला पटत नाही. सगळेच मिसळलेले आहे म्हणून कोणतीही मिसळण चालेल, असे म्हणणे म्हणजे सगळेच मर्त्य आहेत म्हणून कोणालाही मारावे असे म्हणण्यासारखे आहे. भेसळ ही वस्तू जगात आहे आणि ती वाईटच आहे. मग मिसळ आणि भेसळ यांतला भेद कोठे शोधावा? दुधात पाणी घातले तर ती भेसळ होते, हे आपण सारे जाणतो. तथापि पाणी काही विष नव्हे. आजारी माणसाला आपण आपल्या हाताने पाणी घालून दूध पाजतोच. गवळ्याचा अपराध पाणी घालण्यात नाही. पाणी घातलेल्या दुधाला नुसते ‘दूध’ म्हणण्यात आहे. उलट मिसळीच्या थाळीत मटकी, फरसाण, कट, कांदा सारे उघडे दिसते. तेथे कोणी कोणाला लपवीत नाही. म्हणजे भेसळीचे लक्षण मिश्रण हे नसून लपवणूक हे आहे. ही कसोटी लावली, तर आमचा भाचा निर्दोष सुटतो. त्याने अर्जातच लिहिले होते की, चाल आजीची, वाद्य परदेशी, पद्धत जाझची. दोषी ठरतो आम्ही. पेटी-तबल्याची ओवी ‘अस्सल’ म्हणून लोकांसमोर मांडताना जाते गेले कोठे, हे आम्ही सांगितले नाही. आम्ही ते लपवले असेही म्हणवत नाही. कारण आमच्या स्वतःच्याच ते लक्षात आले नव्हते. स्वतःपासून लपवलेली भेसळ ही सर्वांत अवघड.

शुद्धतेच्या आग्रहातही एक सद्हेतू असतो, हे येथे नाकारू नये. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बा. वि. केसकर हे जन्माने पुण्याचे. त्यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांवर असा काही अंकुश ठेवला, की १९५२ मध्ये ती गीते तेथून जवळजवळ नाहीशीच झाली. त्याच मंत्र्यांच्या काळात शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि अनेक गवयांना घरोघरी श्रोते मिळाले, हेही तितकेच खरे. हेतू थोर होता. परंतु श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती सुरू करून त्यांना परत बोलवावे लागले. संगीतावर शेरा लिहिण्याचा अधिकार हाती आला, म्हणजे भल्याभल्यांना ऐकण्याचा विसर पडतो; मग आमच्यासारख्या लिपिकाची काय कथा!

ज्या चित्रपटसंगीतावर तेव्हा संकराचा ठपका आला, त्याच्या पोटात शिरून पाहिले, तर नीतीचा खरा प्रश्न निराळ्याच जागी सापडतो. मुंबईच्या त्या वाद्यमेळांत गोव्याहून आलेले पुष्कळ वादक होते. चर्चच्या संगीतशाळेत ते स्वरलिपी शिकले होते आणि रात्री हॉटेलांतून जाझ वाजवीत होते. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांच्यासारख्या संगीतकारांना या वादकांनी पाश्चात्त्य वाद्यमेळाची घडण पुरवली. १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांबरोबर जे ट्रंपेटवादक होते, त्यांना लोक चिक चॉकलेट म्हणत. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ हे त्यांचे खरे नाव. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक १९४३ च्या सुमारास मुंबईस आले, नौशादांच्या मेळात वाजवू लागले आणि पुढे अनेकांचे वाद्यसंयोजन करू लागले. रागदारीचा सूर आणि पाश्चात्त्य स्वरमेळ यांना एकमेकांचा मान राखून एकत्र नांदवता येईल का, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेत गेले, नंतर गोव्याला परतले, आणि २०१२ साली निवर्तले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील एका गमतीच्या गाण्यामुळे त्यांचे नाव देशभर प्रत्येकाच्या तोंडी झाले. ते शिष्याने, प्यारेलाल यांनी, गुरूला केलेले वंदन होते. परंतु गाणे गुणगुणणाऱ्या कोट्यवधींपैकी कितीजणांना त्या नावाचा खरा धनी ठाऊक होता?

गाणे रेशमी होई, ते या लोकांच्या विणकामामुळे; आणि श्रेयनामावलीत मात्र वादकांची नावे क्वचितच दिसत, संयोजकाचे दिसलेच तर ‘सहायक’ म्हणून. हे वाचताना आम्हां कारकुनांच्या काळजात काही हलावे, हे साहजिक आहे. मसुदा आमचा असतो, स्वाक्षरी साहेबांची. परंतु तुलना येथेच थांबवली पाहिजे. आमचे अनामिकपण नोकरीच्या करारातच लिहिलेले आहे. शिवाय नस्तीच्या टिपणीच्या पानावर, अगदी तळाशी, आमची आद्याक्षरे राहतात. उद्या कोणी नस्ती उघडली, तर विचार कोणाच्या हातून सुरू झाला ते दिसते. त्या गोमंतकीय वादकांच्या वाट्याला टिपणीचे पानच नव्हते. हल्ली जिज्ञासू लोकांनी वृद्ध वादकांना गाठून त्यांच्या आठवणी नोंदल्या, म्हणून आपल्याला ही नावे कळतात. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘राग जाझ स्टाईल’ ही अकरा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात रईस खाँ यांच्या सतारीमागे खोल आवाजाचे बास कोणी धरले होते, ते आज सांगता येते : एडी त्रावास. आम्ही हे नाव वाचले आणि ती मुद्रिका पुन्हा ऐकली. पूर्वी ज्या जागी आम्हांला फक्त सतार ऐकू येत होती, तेथे एक माणूस उभा असलेला ऐकू आला. नाव कळल्याने कान उघडतो, हा अनुभव आम्हांला नवा होता.

आता एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. ऋण मान्य करणे ही जर कसोटी, तर ओवीचे ऋण कोणाला द्यायचे? ओवी रचणारीचे नाव कोणाला ठाऊक आहे? आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे ती आली. जिचा मालक नाही, ती वस्तू सर्वांची. आणि जी सर्वांची, ती उचलताना विचारायचे कोणाला? हा युक्तिवाद ऐकायला उदार वाटतो, परंतु लोकगीते उचलून स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या प्रत्येकाने त्याचाच आसरा घेतला आहे. ‘नाव ठाऊक नाही’ आणि ‘नाव विचारलेच नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने २०१७ पासून त्या लोकांसमोर ठेवण्यास आरंभ केला, तेव्हा गाणारणीचे नाव आणि तिचे गाव यांची नोंदही सोबत दिली. रचणारी हरवली असेल. गाणारी हरवलेली नाही. विचारणाऱ्याने विचारले म्हणजे बाई आपले नाव सांगते. अनामिकता हा पुष्कळदा लोकगीताचा गुण नसून ऐकणाऱ्याच्या आळसाचा परिणाम असतो.

परंतु नाव सांगितले, म्हणजे ऋण फिटले का? येथे आम्हांला एका दूरदेशीच्या मंडळींची आठवण होते. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात मॅसिडोनिया म्हणून लहानसा देश आहे. १९९१ पर्यंत तो युगोस्लाव्हियाचा भाग होता. शेजारच्या ग्रीसने नावावर हरकत घेतल्यामुळे २०१९ पासून तो ‘उत्तर मॅसिडोनिया’ म्हणवतो. त्याची राजधानी स्कोपिये. मदर तेरेसांचा १९१० मधला जन्म तेथलाच, म्हणून आपल्याला ती अगदीच परकी नाही. या नगरात १९७६ साली ‘लेब इ सोल’ नावाचा वाद्यमेळ निघाला. जाझ आणि रॉक यांचा मेळ घालणारे हे तरुण आपल्या खेड्यांतल्या नाचांच्या चाली विजेच्या गिटारीवर वाजवू लागले. त्यांच्यात बास धरणारे बोदान अर्सोव्स्की पुढे स्वतंत्रपणेही, जाझ आणि मॅसिडोनियन लोकसंगीत यांची सांगड घालीत राहिले. मागे उभ्या राहणाऱ्या झीलकऱ्याने पुढे येऊन आपल्या आजोळची गोष्ट सांगावी, तसे हे झाले.

त्या देशाच्या कितीतरी चाली सात मात्रांत आहेत, आणि त्या सातांची फोड प्रायः तीन-दोन-दोन अशी असते. वाचकांपैकी ज्यांनी तबला थोडासा ऐकला असेल, ते येथे हसतील. हा तर आपला रूपक! डोंगरातल्या खेड्यातील मेळाव्यात हात धरून नाचणाऱ्यांच्या पावलांत आणि आपल्या नाट्यगीतात एकच हिशेब निघावा, याचा आनंद होतो. परंतु मुद्दा निराळा आहे. जाझ-रॉकचा बाजार बहुधा चारांच्या मापाने चालतो. सातांचे चार करणे, म्हणजे चालीचा लंगडा वाटणारा पाय सरळ करून देणे, हे त्या तरुणांना सहज करता आले असते, आणि परदेशी श्रोत्यांना ते अधिक रुचलेही असते. त्यांनी सात हे सातच ठेवले. आपल्या वाद्याला त्या चालीच्या पायांनी चालायला शिकवले. आम्हांला ऋणफेडीची दुसरी अट येथे दिसते. ज्याच्याकडून घ्यावे, त्याचे नाव सांगावे, हे खरेच. पण त्याचा नियमही पाळावा. नाव घेऊन नियम मोडणारा माणूस आजोबांची तसबीर भिंतीवर टांगून त्यांची शेती विकणाऱ्या नातवासारखा होय.

‘लेब इ सोल’ या शब्दांचा अर्थ आहे भाकरी आणि मीठ. घरी आलेल्या पाहुण्यापुढे भाकरी आणि मीठ ठेवण्याची त्या लोकांत रीत आहे. मीठभाकर! हा शब्द आपल्याला परका कसा असेल? आपण तर खाल्ल्या मिठाला जागण्यालाच सचोटी म्हणत आलो. आपल्या पूर्वजांनी ही नीती चाकरीपुरती ठेवली. ती कलेलाही लागू आहे असे आम्हांला वाटते. दुसऱ्याच्या चुलीवरची भाकर खाण्यात पाप नाही. किंबहुना, न खाता जगलेली कला आम्हांला माहीत नाही. पाप आहे ते हात पुसून ‘आम्ही उपाशीच होतो’ असे म्हणण्यात.

असो. गोष्ट अजून पुरी झालेली नाही. दिवाळीच्या रजेत भाचा आणि आम्ही बरोबरच गावी गेलो. सोप्यावर बसून त्याने ती चाल आजीला वाजवून दाखवली. आम्ही मनातून धास्तावलो होतो. म्हातारी हसेल, किंवा नातवाच्या कौतुकाने उगाच मान डोलावील, आणि दोन्हींनी आमचा प्रश्न तसाच राहील. मातोश्रींनी डोळे मिटून ऐकले. त्यांचा उजवा हात मांडीवर फिरू लागला, खुंटा धरल्यासारखा. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “जातं जड चाललंय रं बाळा. घास कमी टाक.”

भाच्याने क्षणभर विचार केला, काही सूर वगळले आणि पुन्हा वाजवले. या वेळी मातोश्रींनी ओवी धरली. त्यांचा आवाज आता थकला आहे, श्वास मधेच तुटतो. जेथे तुटला, तेथे ती खोल तार त्यांच्यासाठी थांबली, आणि फेरा पुरा करून त्यांना पुन्हा उचलून घेऊन गेली. आम्ही बाजूला बसून पाहत होतो. त्यांनी वाद्याचे नाव विचारले नाही, ते कोठल्या देशाचे हेही विचारले नाही. त्यांच्या लेखी प्रश्न ‘हे आपले आहे काय’ हा नव्हता. ‘हे दळते आहे काय’ हा होता.

त्या दिवशी आम्हांला तिसरी गोष्ट कळली, आणि ती आम्ही कोठल्याही पुस्तकात वाचून शिकलो नसतो. ज्याच्याकडून घेतले, त्याच्यापुढे ते नेऊन ठेवावे, आणि त्याने चूक दाखवली तर दुरुस्त करावी. शुद्धाशुद्धाचा शेरा मारण्याचा अधिकार कोणाला असेलच, तर तो जिने जाते ओढले तिला आहे. आमच्या लेखणीला तो कधीच नव्हता. आमच्याकडे फक्त अर्जांची नस्ती होती.

एक शंका मात्र अजून फिटलेली नाही, आणि ती लपवली तर आमचा हा लेखच भेसळीचा ठरेल. मातोश्रींची पिढी निघून गेल्यावर ‘जातं जड चाललंय’ हे कोण सांगणार? आमच्या पिढीने पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकला, भाच्याच्या पिढीने पिशवीतले पीठ पाहिले. चूक दाखवणारे उरले नाहीत, म्हणजे मिसळणाऱ्याने स्वतःच्याच कानावर विसंबायचे. आणि तो कान तयार होण्यासाठी मूळ सूर कोठेतरी जसाचा तसा राखलेला असला पाहिजे. येथे शुद्धतेच्या आग्रहाचे खरे काम आहे असे आम्हांला वाटते. त्याने दारावर पहारा करू नये. घरात कणगी सांभाळावी. आमच्यासारख्या परमुलुखात राहणाऱ्या मंडळांनी मुलांच्या वाद्यांची झडती घेण्यापेक्षा, आपल्यातल्या वृद्ध स्त्रियांच्या ओव्या नावागावासह नोंदवून ठेवल्या, तर वळकटी अधिक सुरक्षित राहील.

परत आल्यावर आम्ही गेल्या वर्षीची नस्ती काढली. लिहिलेला शेरा खोडता येत नाही, असा कचेरीचा दंडक आहे, आणि तो आम्हांला मान्य आहे. चूकही दिसत राहिली पाहिजे. म्हणून त्याच्याच खाली, तारीख घालून, आम्ही दुसरी टिपणी जोडली : “वरील शेरा जाते न ऐकता लिहिला गेला. येत्या उत्सवात सदर कार्यक्रम घ्यावा. चाल कोणाची, ते गाणारणीच्या नावागावासह सांगावे.” खाली आद्याक्षरे केली, आणि नस्ती समितीच्या बैठकीपुढे ठेवली. मंजुरी अद्याप यायची आहे.